सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया: ठाण्या-वाशीहून जाऊन ऐकावा असा वाद्यवृंद

नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कला केंद्रात वर्षातून दोनदा, साधारण फेब्रुवारीत आणि सप्टेंबरच्या आसपास, सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा हंगाम होतो. मोठ्या कार्यक्रमाला रंगमंचावर ऐंशी-नव्वद वादक असतात आणि सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची बहुधा चार भागांची मोठी रचना, माईकशिवाय, स्पीकरशिवाय वाजते. ठाणे, ऐरोली, वाशी, पनवेल या पट्ट्यातल्या श्रोत्याला लोकलने जाऊन-येऊन ऐकता येईल असा पूर्ण आकाराचा व्यावसायिक सिम्फनी वाद्यवृंद हा एवढाच. तो ऐकावाच, असं आमचं स्वच्छ मत आहे. मात्र कुठला कार्यक्रम निवडलात, कुठल्या रांगेत बसलात आणि कुठल्या गाडीने निघालात यावर अनुभव बराच बदलतो. म्हणून हे परीक्षण थोडं तपशिलात.

आधी आवाजाबद्दल. गडकरी रंगायतन असो, घाणेकर नाट्यगृह असो की वाशीचं विष्णुदास भावे, आपल्याकडे जे ऐकू येतं ते बहुतेक वेळा स्पीकरमधून येतं. पं. राम मराठे महोत्सवात गायक मधोमध बसलेला दिसतो, पण त्याचा आवाज दोन बाजूंच्या खांबांतून येतो. आपला कान त्याला सरावलेला आहे. सिम्फनीत तसं नाही. पहिली व्हायोलिन डावीकडे वाजली तर ती डावीकडूनच ऐकू येतात, डबल बेसचा खर्ज उजव्या कोपऱ्यातून जमिनीतून आल्यासारखा येतो, मागच्या रांगेतला ट्रम्पेट मागूनच येतो. सगळे मिळून पूर्ण ताकदीने वाजवतात तेव्हा आवाज ९५ ते १०० डेसिबलपर्यंत जातो आणि पुढच्याच मिनिटाला तेच लोक इतकं हळू वाजवतात की शेजारच्याने पिशवीची चेन उघडली तर सूर हरवतो. एवढी मोठी उतरंड स्पीकरमधून ऐकवताना ध्वनितंत्रज्ञ ती दाबून टाकतो, कारण हळू भाग मागच्या रांगेपर्यंत पोचवायचा असतो. रेकॉर्डिंगमध्येही ती बरीच दाबलेली असते. प्रवासाचा खर्च वसूल होतो तो इथे.

मोठे कार्यक्रम जमशेद भाभा थिएटरमध्ये होतात. १९९९ मध्ये सुरू झालेलं हे ११०९ खुर्च्यांचं सभागृह ऑपेरा, बॅले आणि सिम्फनी डोळ्यांपुढे ठेवून बांधलेलं आहे. शेजारचं टाटा थिएटर त्याहून जुनं, १९८० चं. त्याचे वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सन आणि ध्वनिरचनाकार सिरिल हॅरिस. ते अर्धवर्तुळाकार आहे आणि सतार, गायन, चेंबर संगीत (मोजक्या वादकांचं संगीत) यांना फार छान आहे. तिथे लहान वाद्यमेळ ऐकायला मिळाला तर जरूर जावं, पण पहिल्यांदा पूर्ण सिम्फनी ऐकायची तर भाभा थिएटरचाच कार्यक्रम शोधा.

जागा निवडताना नाटकाची सवय विसरावी लागते. नाटकाला आपण पहिल्या चार रांगांसाठी धडपडतो. सिम्फनीला त्या रांगा सगळ्यात कमी समाधानाच्या. रंगमंच डोळ्यांच्या वर असतो, समोर फक्त व्हायोलिन आणि चेलो दिसतात आणि ऐकूही तेवढेच येतात. लाकडी फुंकवाद्यं त्यांच्या मागे लपतात आणि पितळी वाद्यं डोक्यावरून निघून जातात. खालच्या मजल्यावर मधल्या रांगांच्या जरा मागे, मध्याला धरून बसलं की सगळे विभाग एकत्र येतात. बाल्कनीची पुढची रांग ही आमची पहिली पसंती. तिथून सगळे वादक दिसतात आणि कोण काय वाजवतोय हे डोळ्यांना कळलं की कानालाही वेगळं ऐकू येऊ लागतं. बाल्कनीच्या छपराखाली अगदी मागे सरकलेल्या खालच्या रांगा टाळा. वरून येणारा परावर्तित आवाज तिथे पोचत नाही आणि घुमारा कोरडा होतो. पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे एकल पियानो आणि वाद्यवृंद यांची रचना, असेल आणि पियानिस्टचे हात पाहायचे असतील, तर प्रेक्षकांच्या डाव्या बाजूची जागा घ्या. पियानोचं झाकण उजवीकडे उघडतं, म्हणून वादक डावीकडे बसतो.

तिकिटं एनसीपीएच्या खिडकीवर आणि ऑनलाइन मिळतात. सभासदांना बुकिंग आधी खुलं होतं, त्यामुळे बाल्कनीची पुढची रांग सर्वांसाठी विक्री सुरू व्हायच्या आधीच भरू लागते. वर्षाला तीन-चार कार्यक्रम ऐकणार असाल तर सभासदत्वाचा हिशेब करून पाहा.

आता थोडा इतिहास, कारण या वाद्यवृंदाचं आजचं बळ आणि आजची उणीव दोन्ही त्यातूनच आली आहेत.

हा वाद्यवृंद २००६ मध्ये स्थापन झाला, पण मुंबईत सिम्फनी तेव्हा उगवली नाही. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यांचा मुलगा झुबिन याचा जन्म १९३६ चा, म्हणजे तो तालमींच्या आवाजातच वाढला. ज्यूल क्रेन हे बेल्जियन संगीतकार या वाद्यवृंदाचं संचालन करत. व्हायोलिन-चेलोच्या रांगांत पारशी हौशी वादक आणि गोव्याहून आलेले व्यावसायिक वादक एकत्र बसत. फुंकवाद्यं आणि पितळी वाद्यं भरून काढायला नौदलाच्या बँडचे वादक बोलवावे लागत. युरोपातून जीव वाचवून आलेले ज्यू संगीतकारही शहरात होते. त्यांपैकी वॉल्टर काउफमान १९३४ मध्ये मुंबईत आले, त्यांनी चेंबर म्युझिक सोसायटी सुरू केली आणि पुढे रेडिओवर काम केलं. आकाशवाणीची तंबोऱ्यावर व्हायोलिन वाजणारी संकेतधून त्यांच्याच नावावर आहे. घरोघरच्या सकाळी जिने सुरू झाल्या ती धून या शहराच्या पाश्चात्त्य संगीताच्या वर्तुळातून आलेली आहे, हे ठाण्यात फारसं कुणाला ठाऊक नसतं.

हा सगळा डोलारा पगारावर नव्हता. वादक दिवसा दुसरं काम करत, संध्याकाळी तालीम करत. दुसरं महायुद्ध संपलं, इंग्रज गेले, लष्करी बँडचे युरोपीय वादक परतले, मेहली मेहता स्वतः शिक्षणासाठी न्यूयॉर्कला गेले आणि पुढे परदेशातच स्थिरावले. फुंकवाद्यांच्या रांगा रिकाम्या झाल्या की सिम्फनी वाजवता येत नाही. व्हायोलिन कितीही असोत, दोन ओबो, दोन बासून ही लाकडी फुंकवाद्यं आणि चार हॉर्न नसतील तर बहुतेक मोठ्या रचनांना हातच घालता येत नाही. पुढे जिनी दिनशॉ यांनी १९६२ मध्ये बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा सुरू केला आणि अनेक दशकं ही ज्योत तेवत ठेवली, तीही मुख्यतः हौशी आणि अर्धवेळ वादकांच्या जोरावर.

मग गोव्याचे ते तयार वादक कुठे गेले? ते ताडदेवच्या आणि महालक्ष्मीच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत गेले. हिंदी चित्रपटांना नोटेशन वाचणारे व्हायोलिनवादक हवे होते आणि तिथे सेशनचे रोख पैसे मिळत. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागची व्हायोलिनची भरजरी रांग सेबॅस्टियन डिसूझा यांच्या अरेंजिंगमधून आली. अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारून रागांवर आधारलेल्या सिम्फनी रचना झेवियर्स कॉलेजच्या आवारात सादर केल्या. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले होते. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल हे त्यांचे व्हायोलिनचे शिष्य. त्या प्रयोगाला पाठबळ मिळालं नाही आणि तो पुढे टिकला नाही. नव्वदच्या दशकात कीबोर्ड आणि सॅम्पलर आले, चाळीस व्हायोलिनचं काम एका बोटावर होऊ लागलं आणि स्टुडिओतल्या रांगाही आटल्या. मुलाला व्हायोलिन शिकवून पोट भरेल ही खात्री संपली तिथे पुढची पिढी तुटली.

मुंबईत वादक होते, पण पगारी खुर्च्या नव्हत्या. साऱ्या इतिहासाचं सार आम्हाला एवढंच दिसतं. २००६ मध्ये एनसीपीएचे खुश्रू सनतूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालियेव यांनी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापला, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा या खुर्च्या निर्माण केल्या: मुंबईत बारमाही राहणारा, पगार घेणारा, रोज तालीम करणारा गाभा. पण खुर्च्या मांडल्या तेव्हा त्यावर बसायला पुरेसे भारतीय वादक उरले नव्हते. म्हणून गाभ्यात कझाकस्तान आणि आसपासच्या देशांतले वादक मोठ्या संख्येने आले. हंगामात पूर्ण सिम्फनी उभी करायला आणखी पाहुणे वादक परदेशातून येतात.

याचा परिणाम कानाला ऐकू येतो. तंतुवाद्यांचा विभाग सुंदर आहे. एकाच परंपरेत शिकलेले, वर्षभर एकत्र वाजवणारे हात असल्यामुळे सगळे बो (गज) एका लयीत, एका लांबीत चालतात आणि आवाज दाट, गडद, रशियन वळणाचा येतो. त्चैकोव्स्की, रखमानिनॉव्ह, शोस्ताकोविच हे त्यांच्या हातात घरचे वाटतात. हायडन-मोझार्टमध्ये मात्र हाच दाटपणा किंचित जड होतो; तिथे आम्हाला हलका बो आणि कमी कंपन आवडलं असतं. पितळी आणि लाकडी विभागांत पाहुण्यांचं प्रमाण जास्त असतं. एकेकटे ते उत्तम वाजवतात, पण एकमेकांच्या श्वासाची सवय व्हायला दिवस लागतात. म्हणून आमचा सल्ला: हंगामातला पहिलाच कार्यक्रम न घेता दुसऱ्या-तिसऱ्या कार्यक्रमाचं तिकीट काढा. तोपर्यंत फुंकवाद्यांचे सूर एकमेकांत बसलेले असतात.

कधीतरी हॉर्नचा एखादा सूर फुटेल. त्यावरून वाद्यवृंद कच्चा आहे असं ठरवू नका. हॉर्नची नळी उलगडली तर साडेतीन मीटरहून लांब भरते आणि वादक तिच्या वरच्या स्वरांमध्ये वाजवतो, जिथे शेजारशेजारचे स्वर अगदी चिकटून असतात. ओठांचा ताण केसभर चुकला की शेजारचा स्वर लागतो. जगातल्या पहिल्या फळीच्या वाद्यवृंदांतही हे होतं. मुंबईची हवा आणखी एक भर घालते. सप्टेंबरच्या दमट हवेत लाकूड फुगतं, व्हायोलिनच्या खुंट्या अडकतात. मग थंड सभागृहात आल्यावर लाकूड पुन्हा आकसू लागतं. फुंकवाद्यांचा सूर तर हवेच्या तापमानाबरोबर सरकतो: एका अंशाला साधारण तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), म्हणजे चार अंशांच्या फरकाने कान ओळखेल इतकं वाद्य उतरतं. सुरुवातीला ओबो एक लांब स्वर देतो आणि सगळे त्याला मिळवतात तो क्षण लक्ष देऊन ऐका. आपल्याकडे तंबोरा जुळवण्याला जे महत्त्व आहे तेच इथे त्या एका स्वराला. पहिल्या मूव्हमेंटनंतर, म्हणजे रचनेच्या पहिल्या भागानंतर, पुन्हा मिळवणी झाली तर ती गरजेपोटी असते.

वाद्यवृंदाचं सांस्कृतिक काम नेमकं काय, असा प्रश्न मराठी श्रोता हमखास विचारतो आणि तो रास्त आहे. त्याचं एक भक्कम उत्तर म्हणजे ‘पेशकार’. एनसीपीएने झाकीर हुसेन यांच्याकडून तबला आणि सिम्फनीसाठी ही रचना करवून घेतली आणि सप्टेंबर २०१५ मध्ये ती मुंबईत पहिल्यांदा वाजली. पुढे हाच वाद्यवृंद ती घेऊन स्वित्झर्लंडला आणि २०१९ मध्ये ब्रिटनला गेला. तबल्याला साथ म्हणून व्हायोलिन ठेवायची ही तडजोड तिथे नव्हती. वाद्यवृंदाला लयीचे हिशेब मोजायला लावले होते. सम कुठे आहे हे नव्वद माणसांना कळल्याशिवाय ती रचना उभीच राहत नाही. स्वतःचा कायमचा वाद्यवृंद असेल तरच शहर असं काही लिहवून घेऊ शकतं. अँथनी गोन्साल्विसना १९५८ मध्ये जे एकट्याच्या खिशातून करावं लागलं, ते करायला आता एक संस्था आहे. झाकीरभाई डिसेंबर २०२४ मध्ये गेले. त्यांच्या मागे ही वाट चालू राहावी, दर हंगामात किमान एक भारतीय रचना असावी, ही आमची आग्रहाची मागणी आहे. सध्याच्या कार्यक्रमांत तसं प्रमाण नाही.

दुसरं उत्तर म्हणजे २०१२ पासून चालणारी संगीत अकादमी. तिथे मुलांना वाद्याबरोबर स्वरलेखन वाचणं, स्वर ऐकून गाणं, समूहात वाजवणं हे सगळं शिकवलं जातं. तुटलेली पिढी जोडायचा हाच मार्ग आहे. व्हायोलिनवादक घडायला दहा-बारा वर्षं लागतात, ओबो-बासूनला तर शिक्षक मिळण्यापासून तयारी. गाभ्यात भारतीय नावं वाढली का, हे तपासूनच या संस्थेचं खरं मोजमाप होईल. ठाण्या-नवी मुंबईच्या मुलांसाठी अडचण अंतराची: शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोन-तीन वेळा नरिमन पॉइंट गाठणं कासारवडवली किंवा खारघरच्या मुलाला शक्य नाही.

कार्यक्रम कुठला निवडावा? बहुतेक संध्याकाळींचा साचा असा: दहा मिनिटांची सुरुवातीची रचना, मग अर्ध्या-पाऊण तासाचा एकल वादकाचा कॉन्चेर्टो, मध्यंतर, मग सिम्फनी. मध्यंतर धरून एकूण दोन तासांहून थोडं जास्त. पहिल्यांदा जाणाऱ्याने द्वोर्झाकची ९ वी सिम्फनी, रिम्स्की-कोर्साकोव्हचं ‘शेहेराझाद’ किंवा बेथोव्हनची ५ वी असलेला दिवस पकडावा. द्वोर्झाकची सिम्फनी १८९३ ची, साधारण ४० ते ४५ मिनिटांची. तिच्या दुसऱ्या मूव्हमेंटमध्ये इंग्लिश हॉर्न हे वाद्य एकटं जी सुरावट वाजवतं ती भावगीतावर वाढलेल्या कानाला लगेच आपलीशी वाटते. ‘शेहेराझाद’मध्ये एकट्या व्हायोलिनची धून पुन्हापुन्हा परत येते, त्यामुळे रचनेत कुठे आहोत हे हरवत नाही. बेथोव्हनची ५ वी अर्ध्या तासाहून थोडीच मोठी आहे आणि तिसऱ्या मूव्हमेंटमधून न थांबता चौथ्यात जाते, तिथे ट्रॉम्बोन पहिल्यांदा येतात. तो उजेड सभागृहातच ऐकावा.

मोझार्टच्या ४० व्या सिम्फनीची पहिली सुरावट सलील चौधरींनी १९६१ च्या ‘छाया’ चित्रपटात ‘इतना ना मुझसे तू प्यार बढा’साठी घेतली, म्हणून अनेकजण त्याच ओढीने तिकीट काढतात. जरूर काढा, पण त्या सिम्फनीत ट्रम्पेट नाहीत, टिंपनी (मोठे नगारे) नाही. मंचावर निम्मेच लोक दिसतील. मोठ्या आवाजाची अपेक्षा ठेवून गेलात तर विरस होईल. माहलर आणि ब्रुकनर दुसऱ्या-तिसऱ्या भेटीसाठी ठेवा, त्यांच्या सिम्फनी तासभर किंवा त्याहून जास्त चालतात. घरून निघायच्या आठवड्यात मुख्य रचना तीन वेळा ऐका: एकदा कामं करताना, दोनदा नुसती बसून. पहिल्यांदा जाणाऱ्याला कंटाळा येतो तो बहुधा सुरावटी ओळखीच्या नसल्यामुळे. ओळखीच्या झाल्या की त्यांचं पुढे काय होतं यात रस निर्माण होतो.

टाळ्यांचा प्रश्न सगळ्यांना छळतो. आपल्याकडे जागेला दाद देतात, इथे सगळ्या मूव्हमेंट संपेपर्यंत थांबतात. चार मूव्हमेंट मोजत बसू नका. कंडक्टरचे हात खाली येऊन तो प्रेक्षकांकडे वळला की टाळ्या. त्चैकोव्स्कीची ६ वी असेल तर जास्त सावध राहा. तिची तिसरी मूव्हमेंट इतक्या जल्लोषात संपते की निम्मं सभागृह टाळ्या वाजवतं, आणि खरा शेवट त्यानंतर आहे, संथ आणि विझत जाणारा. टाळ्यांनी त्याची सुरुवात मोडते.

आता प्रवास, कारण ठाणेकराची अर्धी संध्याकाळ त्यातच जाते. ठाण्याहून सीएसएमटी फास्ट लोकलने पाऊण तास ते तासाभरात. घोडबंदर रोडवरून निघणार असाल तर स्टेशनपर्यंतचा वेळ वेगळा धरा. वाशीहून हार्बरने साधारण ५० मिनिटं, पनवेलहून सव्वा तासाहून जास्त. सीएसएमटीला उतरून भुयारी मेट्रो ३ घ्या: हुतात्मा चौक, चर्चगेट आणि मग विधान भवन, तिसरं स्टेशन. तिथून एनसीपीए चालण्याच्या अंतरावर. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रोचा हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून टॅक्सीची घासाघीस संपली. परतताना मेट्रो रात्री साडेदहाच्या सुमाराला थांबते हे लक्षात ठेवा. सातचा कार्यक्रम सव्वानऊ-साडेनऊला संपतो, म्हणजे रेंगाळायला फार वाव नाही. सीएसएमटीहून ठाण्याच्या गाड्या मध्यरात्रीपर्यंत असतात, पनवेलच्या गाड्यांमधलं अंतर रात्री वाढतं.

रविवारचा कार्यक्रम बहुधा संध्याकाळी पाचला असतो आणि तो लांबून येणाऱ्यांना सोयीचा, रात्री आठपर्यंत गाडीत बसता येतं. पण रविवार म्हणजे मेगाब्लॉक. मध्य आणि हार्बर दोन्हींवर तो दुपारी चार-साडेचारपर्यंत चालू शकतो, नेमका आपल्या जाण्याच्या वेळेला. शनिवारीच वेळापत्रक बघा आणि एक तास हाताशी ठेवा. उशीर झाला तर रचना चालू असताना आत सोडत नाहीत, पहिली रचना किंवा पहिली मूव्हमेंट दाराबाहेर उभं राहून काढावी लागते. सप्टेंबरच्या हंगामात आणखी एक गोष्ट: गणपती. विसर्जनाच्या दिवशी गिरगाव चौपाटी आणि मरीन ड्राइव्हकडची वाहतूक वळवलेली असते. अनंत चतुर्दशीच्या आसपासचं तिकीट काढण्याआधी कॅलेंडर पाहा आणि गाडी घेऊन तर जाऊच नका. आतला एसी बोचरा असतो, सप्टेंबरच्या घामातही शाल किंवा पातळ स्वेटर बरोबर असू द्या. लहान मुलांना नेताना तिकिटावरची वयाची अट वाचा.

एक उणीव ठळकपणे नोंदवायला हवी. कार्यक्रमाची माहितीपुस्तिका इंग्रजीत असते. मुंबईच्या वाद्यवृंदाने एका पानाचं मराठी टिपण का देऊ नये? रचना किती मूव्हमेंटची, कुठल्या वाद्याकडे कान ठेवायचा, एवढं दोनशे शब्दांत बसतं. गडकरीला तासन्‌तास शास्त्रीय गायन ऐकणारा प्रेक्षक सिम्फनीसाठी तयारच आहे. त्याला कुणी हाक मारलेली नाही.

आणि हाक मारायची तर इकडे यावं. पूर्ण सिम्फनी गडकरीत किंवा भावे नाट्यगृहात होणार नाही, हे मान्य. नव्वद वादकांना माणशी दीड ते दोन चौरस मीटर धरले तर १३५ ते १८० चौरस मीटरचा मोकळा रंगमंच लागतो. सिम्फनीला दोन सेकंदांच्या आसपासचा घुमारा हवा असतो. नाटकासाठी बांधलेली सभागृहं शब्द स्पष्ट ऐकू यावेत म्हणून त्याच्या निम्म्यावर ठेवतात. वर काळे पडदे, विंगा आणि झालरी आवाज शोषतात, आणि उरलेला पडदे उचलायच्या उंच पोकळीत वर निघून जातो. पण मुंबईत वर्षभर राहणारा तंतुवाद्यांचा गाभा आहे. वीस-बावीस वादकांचा संच, सहा पहिली व्हायोलिन, पाच दुसरी, चार व्हायोला, चार चेलो, दोन डबल बेस, गडकरीच्या मंचावर आरामात बसतो. मागचे आणि बाजूचे पडदे उचलून तिथे १८ मिलिमीटर प्लायचे तीन-साडेतीन मीटर उंच फलक प्रेक्षकांकडे किंचित उघडून उभे करायचे, वादकांना पडदारेषेच्या पुढे शक्य तितकं सरकवायचं, चेलो आणि डबल बेसच्या खाली पोकळ लाकडी पाट ठेवायचे म्हणजे खर्ज फळीतून सुटतो. एसीचे ब्लोअर रचना चालू असताना कमी करायचे. त्चैकोव्स्कीची तंतुवाद्यांसाठीची सेरेनेड (हलक्या वळणाची अनेक भागांची रचना) अर्ध्या तासाची, द्वोर्झाकची त्याहून किंचित लहान, मध्ये मोझार्टची छोटी सेरेनेड. दीड तासाचा कार्यक्रम मध्यंतराच्या बटाटेवड्यासकट होतो. माईक अजिबात लावायचा नाही. पहिल्या दहा मिनिटांत प्रेक्षकांना आवाज लहान वाटेल, मग कान पुढे येतो.

सुरुवात त्याहूनही लहान करता येईल. घाणेकर नाट्यगृहाच्या मिनी थिएटरमध्ये दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशी चौकडी बसवायची. त्याला लागतं ते फार थोडं: चार नोटेशन स्टँड, त्यावर चार दिवे, चेलोच्या खिळ्याखाली घसरू नये म्हणून रबराचा तुकडा, आणि हात नसलेल्या सरळ पाठीच्या चार खुर्च्या, कारण हाताच्या खुर्चीत बसलं की उजवं कोपर अडतं आणि बो पूर्ण ओढता येत नाही.